यूथ सिम्फनी ऑर्केस्ट्रा: ऑडिशन, तालमी आणि कॉन्सर्ट – मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरांतून दर वसंतात मला फोन येतात. मूल व्हायोलिन, चेलो किंवा क्लॅरिनेट शिकत असतं, शिक्षक म्हणतात ‘यूथ सिम्फनीची ऑडिशन द्या’, आणि आईबाबांना पुढचं काहीच ठाऊक नसतं, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणी सिम्फनी ऑर्केस्ट्रा हा प्रकार आसपास नव्हताच. मी सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहते. माझी मुलगी व्हियोला वाजवते, आणि पालक-स्वयंसेवक म्हणून ऑडिशनच्या नावनोंदणीपासून कॉन्सर्टच्या विंगेपर्यंत सगळीकडे मी उभी राहिले आहे. त्या फोनांवर दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तारखा, वयाची अट आणि फी प्रत्येक ऑर्केस्ट्राची निराळी असते, ती त्यांच्याकडूनच घ्या.

शाळेत ऑर्केस्ट्रा आहेच, मग हा आणखी एक कशासाठी?

शाळेला असलेल्या मुलांमध्ये भागवावं लागतं. एखाद्या शाळेत व्हायोलिनवाली तीस मुलं असतात आणि बसून (bassoon, खर्जातलं मोठं फुंकवाद्य) वाजवणारं एकच, किंवा एकही नाही. यूथ सिम्फनी आजूबाजूच्या पन्नास शाळांतून मुलं निवडते, त्यामुळे तंतुवाद्यं, वुडविंड (बासरी, क्लॅरिनेट, ओबो, बसून), ब्रास (हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन) आणि पर्कशन (तालवाद्यं) असा पूर्ण ताफा जमतो. मग मुलांसाठी सोपी करून लिहिलेली आवृत्ती वाजवावी लागत नाही. बेथोव्हननं किंवा द्वोर्झाकनं जे लिहिलं तेच समोर येतं. एखाद्या बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला ब्राम्सच्या सिम्फनीच्या आत बसायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती घरी एकट्यानं कितीही सराव केला तरी मिळत नाही.

ही परंपरा इथे शंभर वर्षांची आहे. ओरेगनमधल्या पोर्टलंडचा ज्युनियर सिम्फनी १९२४ साली सुरू झाला, तोच आजचा पोर्टलंड यूथ फिलहार्मोनिक. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीनं आपला यूथ ऑर्केस्ट्रा १९८१ मध्ये काढला. यात मुंबईचाही एक धागा आहे. मुंबईत १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या मेहली मेहतांनी पुढे लॉस एंजेलिसला येऊन १९६४ मध्ये अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली आणि तीस वर्षांहून अधिक काळ ती घडवली. झुबिन मेहतांचे हे वडील. इथल्या कितीतरी व्यावसायिक वादकांना ऑर्केस्ट्रात बसायचं कसं हे एका मुंबईकरानं शिकवलं, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

एक लक्षात ठेवा: अनेक यूथ ऑर्केस्ट्रांची अट असते की मुलानं शाळेच्या बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रातही राहायला हवं. शाळेचा सोडून इथे येतो म्हटलं तर चालत नाही.

किती शिकल्यावर ऑडिशन द्यावी?

मोठ्या संस्थांमध्ये तीन-चार पायऱ्या असतात. सर्वांत खाली फक्त तंतुवाद्यांचा छोटा ऑर्केस्ट्रा, तिथे सोप्या नोटेशनचं वाचन आणि फर्स्ट पोझिशन (डाव्या हाताची मूळ जागा) पक्की असली की आठ-नऊ वर्षांचं मूलही बसतं. सर्वांत वरच्या पायरीवर ब्रुखचं किंवा मेंडेलसोनचं व्हायोलिन कॉन्चेर्टो वाजवणारी सोळा-सतरा वर्षांची मुलं येतात. आपलं मूल नेमकं कुठे बसेल हे त्याच्या शिक्षकांना विचारा. शेजारच्या मुलाच्या वयावरून ठरवू नका.

व्हायोलिनला फार गर्दी असते म्हणतात. दुसरं वाद्य घेतलं तर प्रवेश सोपा जातो का?

गर्दी खरी आहे. व्हायोलिन, चेलो, बासरी आणि क्लॅरिनेटला रांग असते, आणि व्हियोला, डबल बेस, ओबो, बसून, हॉर्न वाजवणारी मुलं शोधावी लागतात. काही ठिकाणी या वाद्यांसाठी फीमध्ये सवलत किंवा संस्थेचं वाद्यही मिळतं.

पण ‘जागा रिकामी आहे’ एवढ्यावर बसूनसारखं वाद्य मुलाच्या हाती देऊ नका. ते वाद्य महाग आहे, दुहेरी रीडची (फुंकायच्या जोडपट्टीची) देखभाल वर्षभर चालते, आणि आवाज मनापासून आवडला नाही तर मूल सहा महिन्यांत कंटाळतं. व्हायोलिनवरून व्हियोलाकडे जाणं मात्र वेगळं. पकड तीच, फक्त वाद्य मोठं, तारा एक पंचम खाली आणि आल्टो क्लेफ (व्हियोलाची स्वरलिपी वाचायची खूण) नव्यानं शिकायचं. ज्या मुलाला मधला, भरीव सूर आवडतो त्याला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. माझ्या मुलीनं हा बदल स्वतः मागितला. तिच्या शिक्षिकेनं आधी उसना व्हियोला महिनाभर वाजवायला दिला आणि मगच होकार दिला. ही पद्धत मला फार योग्य वाटते.

ऑडिशनमध्ये नेमकं काय विचारतात?

ऑडिशन बहुधा मे-जूनमध्ये असतात, काही ठिकाणी ऑगस्टमध्ये उरलेल्या जागांसाठी पुन्हा. सगळं मिळून आठ-दहा मिनिटांचं काम. त्यात चार गोष्टी येतात: स्केल्स (स्वरांचे आरोह-अवरोह), स्वतः निवडलेल्या सोलो रचनेचा दोन-तीन मिनिटांचा भाग, ऑर्केस्ट्रानं आधी पाठवलेले एक्सर्प्ट्स (मोठ्या रचनांतले छोटे उतारे), आणि तिथल्या तिथे वाचून वाजवायचा साइट-रीडिंगचा तुकडा. सोलोसाठी पियानोची साथ सहसा नसते. परीक्षक मध्येच ‘थँक यू’ म्हणून थांबवतात. ते नापसंतीचं लक्षण नसतं, त्यांना हवं ते ऐकून झालेलं असतं. हे मुलाला आधी सांगितलं नाही तर ते हिरमुसतं आणि पुढचा भाग बिघडतो.

स्केल्सबद्दल थोडक्यात: वरच्या ऑर्केस्ट्रासाठी तंतुवाद्यांना तीन सप्तकांचे मेजर आणि मायनर लागतात. वेगापेक्षा स्वर जागेवर आहे का आणि बो (गज) सरळ फिरतोय का, हे पाहतात.

एक्सर्प्टला एवढं महत्त्व का? चार ओळी तर असतात.

कारण त्या चार ओळींत लपायला जागा नसते. सोलो रचना मुलानं वर्षभर घोटलेली असते, ती सगळ्यांचीच बरी होते. एक्सर्प्टमधून कळतं की हे मूल पन्नास जणांमध्ये बसून वाजवू शकेल का.

उदाहरण म्हणून बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीचा दुसरा भाग घ्या. त्याची सुरुवात व्हियोला आणि चेलो मिळून करतात. वाचायला सोपी, संथ, गाण्यासारखी ओळ. पण तिच्यात लांब स्वराला चिकटून येणारे अगदी छोटे स्वर आहेत. लांब स्वर तीन हिस्से, छोटा एक हिस्सा. घाईत मुलं तो छोटा स्वर जरा लांबवतात, मग तीनास एकचं प्रमाण दोनास एक होतं आणि सगळी ओळ तिस्र लयीच्या डौलात झुलू लागते. परीक्षकाला हे पहिल्या दोन बारांत (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) ऐकू येतं. वर पुन्हा ते सगळं हळू आवाजात आणि गोड वाजवायचं आहे, बेथोव्हननं तसं लिहून ठेवलंय. म्हणजे बो कमी वापरायचा, पण स्वर मरू द्यायचा नाही. माझ्या मुलीच्या शिक्षिकेनं तिला ही ओळ आधी एकाच स्वरावर, नुसत्या लयीत वाजवायला लावली. मग गायला लावली. बोटं शेवटी आली.

व्हायोलिनला रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान वारंवार येतं, ट्रम्पेटला मुसोर्ग्स्कीच्या ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ची सुरुवात, बेसला बेथोव्हनची नववी. तयारीची रीत सगळ्यांना एकच. पूर्ण रचना हेडफोन लावून ऐकायची, आपली ओळ वाजत असताना बाकीचे काय करताहेत ते ओळखायचं, मग मेट्रोनोम निम्म्या गतीवर लावून सुरू करायचं. स्वतःचं रेकॉर्डिंग रोज ऐकायचं. वेग शेवटच्या आठवड्यात वाढवायचा नाही.

साइट-रीडिंगची तयारी कशी करायची?

रोज पाच मिनिटं, न पाहिलेलं काहीही वाचायचं. सुरू करण्यापूर्वी की सिग्नेचर (कुठले स्वर तीव्र-कोमल), टाइम सिग्नेचर (बारमध्ये किती मात्रा) आणि सर्वांत अवघड बार डोळ्यांखालून घालायचा, त्या अवघड बारला झेपेल ती गती धरायची, आणि चुकलं तरी थांबायचं नाही. चुकलेला स्वर दुरुस्त करायला मागे जाणं ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे. ऑर्केस्ट्रा तुमच्यासाठी मागे येत नाही.

मुलाला पडद्याआड का वाजवायला लावलं?

परीक्षकांना चेहरा, नाव, वर्ण, मुलगा की मुलगी हे दिसू नये म्हणून. इथल्या व्यावसायिक ऑर्केस्ट्रांनी १९७० आणि ८० च्या दशकांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. मुलांच्या ऑडिशनमध्ये सगळीकडे पडदा नसतो, लहान गटात तर परीक्षक समोर बसून धीर देतात. पण असेल तिथे मुलानं आत बोलायचं नाही. काही विचारायचं असेल तर सोबत असलेल्या स्वयंसेवकाच्या कानात सांगायचं, तो विचारतो. मला हा पडदा मनापासून आवडतो. त्यापलीकडे फक्त आवाज पोचतो.

मुलाची ग्रेड आठ (संगीताच्या ग्रेड परीक्षांची सर्वांत वरची पायरी) डिस्टिंक्शनमध्ये झाली आहे. थेट वरच्या ऑर्केस्ट्रात घेतील का?

नाही. ग्रेड परीक्षांनी पाया पक्का होतो, पण प्रमाणपत्र पाहून कुणी जागा देत नाही. परीक्षेच्या तीन रचना वर्षभर केलेल्या मुलाला वाचन आणि एक्सर्प्ट जड गेल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. पियानोच्या ग्रेड्सचंही तसंच. ऑर्केस्ट्रात पियानोला जागा असली तर एखादीच असते.

ऑडिशनच्या दिवशी आईबाबांनी काय करावं?

लवकर पोचा. वॉर्म-अपच्या खोलीत बारा मुलं एकाच वेळी आपापलं सर्वांत अवघड पान सर्वांत जोरात वाजवत असतात, तो आवाज ऐकूनच कित्येक मुलांचं अवसान गळतं. शक्य असेल तर मुलाला गाडीत किंवा बाहेर झाडाखाली हात मोकळे करू द्या. छापील संगीताच्या प्रती, जास्तीची तार, रोझिन (बोला लावायची राळ), पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणि बाहेर आल्यावर ‘कसं झालं, किती चुकलं’ हा प्रश्न विचारू नका. आधी खायला द्या. बोलायचं असेल तर मूल आपणहून बोलतं.

नाव लागलं नाही, किंवा अपेक्षेपेक्षा खालच्या गटात लागलं. आता?

बऱ्याच संस्था परीक्षकांचे शेरे पाठवतात. ते नीट वाचा आणि शिक्षकांना दाखवा. ‘रिदम अनस्टेडी’ असं लिहिलं असेल तर वर्षभराचं काम कळलं. पुढच्या वर्षी पुन्हा ऑडिशन असते, आत असलेल्या मुलांनाही दरवर्षी द्यावी लागते.

खालच्या गटाबद्दल मात्र मला ठाम सांगायचं आहे. वरच्या गटात धापा टाकत शेवटच्या स्टँडवर (सगळ्यात मागच्या जागी) बसण्यापेक्षा खालच्या गटात आपला पार्ट पूर्ण वाजवता येणारं मूल वर्षाअखेर खूप पुढे गेलेलं असतं. संचालकांना ई-मेल करून गट बदलून मागणारे पालक मुलाचं नुकसान करतात. तसे ई-मेल येतात, आणि दुर्दैवानं आपल्या लोकांचेही येतात.

मुलीला सेकंड व्हायोलिनमध्ये टाकलंय. म्हणजे ती कमी पडते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यामागे आपली पहिल्या नंबरची सवय आहे. फर्स्ट आणि सेकंड हे गुणानुक्रम नव्हेत, ते दोन वेगळे पार्ट आहेत. अनेक यूथ ऑर्केस्ट्रांमध्ये मुद्दाम प्रत्येक कॉन्सर्टला अदलाबदल करतात, चांगले वादक दोन्हीकडे वाटतात. सेकंडला मधले सूर आणि ठेक्याच्या उलट पडणारे स्वर सांभाळावे लागतात. धून नसताना लय धरून ठेवणं अधिक कठीण.

चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा शेवटचा भाग ऐका. १८९३ ची रचना. सुरुवातीला व्हायोलिनवर एक उतरती, काळीज पिळवटणारी धून येते. आता ती कोण वाजवतं? फर्स्टच्या कागदावर ती नाही, सेकंडच्या कागदावरही नाही. एक स्वर फर्स्टकडे, पुढचा सेकंडकडे, असा एकाआड एक स्वर त्यानं वाटून दिला आहे. तालमीत नुसत्या सेकंडना वाजवायला लावलं की उड्या मारणारी विचित्र ओळ ऐकू येते, नुसत्या फर्स्टनाही तसंच. दोघांनी एकत्र वाजवलं की धून उभी राहते. हे पहिल्यांदा ऐकताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. त्या दिवसानंतर आमच्याकडे कुणा मुलानं ‘मी सेकंडमध्ये का’ असं विचारलेलं मला आठवत नाही. विचारतात ते पालक.

हेच खुर्चीच्या क्रमांकाचं. पुढच्या स्टँडवरचे वादक बोइंग (बो कुठे वर, कुठे खाली ओढायचा) ठरवतात आणि कॉन्सर्टमास्टर (फर्स्ट व्हायोलिनचा म्होरक्या) सगळ्यांना ट्यून करून घेतो, ती जबाबदारी आहेच. पण मागच्या स्टँडवर कंडक्टर लांब, आवाज उशिरा पोचणारा, तरी पुढच्यांच्या बोबरोबर बो हलवायचा. तिथे डळमळीत मूल बसलं तर सगळा विभाग मागे ओढला जातो.

तालमीत काय चालतं? आम्ही आत बसू शकतो का?

आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी किंवा रविवारी, अडीच-तीन तास. लहान गटाला थोडं कमी. पालकांना काही ठिकाणी फक्त ठरावीक दिवशी बसू देतात.

दहा मिनिटं आधी खुर्चीत बसलेलं असायचं. ओबो ‘ए’ देतो, आधी वुडविंड आणि ब्रास, मग तंतुवाद्यं त्याला सूर मिळवतात. हा ‘ए’ ४४० हर्ट्झचा, किंवा त्याहून किंचित चढा. त्या वेळी कुणी बोलत नाही. मग कंडक्टर सुरू करतो आणि थांबवतो. पुन्हा सुरू, पुन्हा थांबा. ‘लेटर एफच्या (पार्टवर छापलेल्या खुणेच्या अक्षराच्या) सहा बार आधीपासून’ म्हटलं की सगळ्यांनी मागे मोजत तिथे पोचायचं. तंतुवाद्यांत दोघांत एक स्टँड असतो. प्रेक्षकांच्या बाजूचा वादक वाजवत राहतो, आतल्या बाजूचा पान उलटतो, तेही शेवटचे दोन बार पाठ ठेवून, वेळेआधी. एकाच पार्टच्या दोन ओळी होतात तेव्हा बाहेरच्यानं वरची घ्यायची आणि आतल्यानं खालची. हे न बोलता व्हायला हवं.

पेन्सिल विसरलेलं मूल तालमीत अर्धंच हजर असतं. माझ्या मुलीच्या पार्टमध्ये पानोपानी तिच्या आणि स्टँड पार्टनरच्या अक्षरातल्या खुणा असतात: अप-बो, डाऊन-बो, ‘मोजा!’, आणि जिथे गती बदलते तिथे चष्म्याचं चित्र. चष्मा म्हणजे कंडक्टरकडे बघ. ही खूण जगभर चालते.

अधूनमधून सेक्शनल असतं. सगळे व्हियोला वेगळ्या खोलीत, एक व्यावसायिक वादक शिकवायला. मूल सर्वांत जास्त शिकतं ते इथे. सेक्शनल बुडवू नका.

आणि गप्प बसायला शिकणं हाही तालमीचाच भाग आहे. बेथोव्हनच्या पाचव्यात ट्रॉम्बोन पहिले तीन भाग वाजतच नाहीत, चौथ्यात येतात. द्वोर्झाकच्या नवव्यात झांजेचा आघात संपूर्ण सिम्फनीत एकदाच, तोही हळुवार. त्या मुलाला बाकीचा सगळा वेळ ऐकत, मोजत बसायचं असतं. लांब विश्रांती मोजताना पहिल्या मात्रेवर बारचा आकडा म्हणतात: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. घरी याचाही सराव करून घ्या.

मूल लहानपणापासून आपलं शास्त्रीय गाणं किंवा व्हायोलिन शिकलंय. फायदा होतो की अडचण?

दोन्ही, आणि फायदा मोठा. तानपुऱ्यासमोर बसलेल्या मुलाला बेसूर झालेलं चटकन कळतं. ताल मोजायची सवय असते, पाठांतर जबरदस्त असतं. शिकवणाऱ्यानं एकदा गाऊन दाखवलं की वाक्याचा आकार त्याला कळतो.

अडचण वाचनाची. कानानं झरझर उचलणारं मूल कागदाकडे बघायचा कंटाळा करतं, आणि पहिल्या तालमीत ऐंशी बार कानानं उचलता येत नाहीत. दुसरं, आपला सा ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे असतो, इथे ‘ए’ सगळ्यांना बांधलेला, आणि एकाच रचनेत आधारस्वर चार वेळा हलतो. तिसरं, डावा हात. मींड अंगात मुरलेली असली की बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातं, आणि सोळा व्हायोलिनांत एकच घसरलं तरी ऐकू येतं. बैठकीत वाद्य टेकवून वाजवायची ठेवणही वेगळी, तारा लावायचे स्वरही वेगळे. दोन्ही शैली चालू असतील तर शक्यतो दोन वाद्यं ठेवा. एकाच वाद्याच्या तारा सारख्या चढवल्या-उतरवल्या तर तुटतात आणि सूर टिकत नाही. पण यातलं काहीही गाणं सोडायचं कारण नाही. उलट कंडक्टर ‘गा’ म्हणतो तेव्हा न लाजता गाणारी मुलं सहसा हीच असतात.

घरी सराव किती?

स्वतःच्या शिक्षकांचा रियाज वेगळा, आणि ऑर्केस्ट्राच्या पार्टसाठी रोज वीस-पंचवीस मिनिटं. सगळं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं नाही. तालमीत अडलेले आठ-दहा बार काढायचे आणि तेवढेच घासायचे. तालमीत शिकायला नव्हे, जुळवायला जायचं असतं.

रविवारची मराठी शाळा आणि तालीम एकाच वेळी येते. गणपती, दिवाळीचं काय?

ही ओढाताण खरी आहे. सत्र सुरू होतं ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, म्हणजे नेमकं गणपतीत, आणि पहिला कॉन्सर्ट नोव्हेंबरात, मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाच्या आसपास. ऑर्केस्ट्रात गैरहजेरीला मर्यादा असते, कॉन्सर्टच्या आठवड्यातली ड्रेस रिहर्सल चुकवली तर कॉन्सर्टला बसू देत नाहीत. वेळापत्रक उन्हाळ्यातच हाती येतं. ते घेऊन मराठी शाळेच्या शिक्षकांशी आणि मंडळाच्या सांस्कृतिक समितीशी तेव्हाच बोला. आमच्या ओळखीच्या काही मुलांनी मराठी शाळेचा वर्ग आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी ऑनलाइन करून घेतला. घरच्या गणपतीची आरती संध्याकाळी लवकर करता येते. मराठी सोडू नका आणि ऑर्केस्ट्राला खोटी कारणं देऊ नका. सणाची सुट्टी आधी लेखी मागितली तर समजून घेतात.

वाद्य विकत घ्यावं की भाड्यानं?

मूल वाढतंय तोवर भाड्यानं. पाव, अर्धा, पाऊण अशा मापांतून मूल दर दीड-दोन वर्षांनी पुढे जातं. बरीच दुकानं भाड्याचा काही हिस्सा पुढे खरेदीत वळता करतात, आणि मोडतोडीचा विमा देतात. पूर्ण माप आल्यावर शिक्षकांना सोबत नेऊन निवडा. इंटरनेटवरची अतिस्वस्त व्हायोलिनं टाळा, त्यांच्या खुंट्या टिकत नाहीत आणि दुरुस्तीला किमतीहून जास्त लागतात.

खर्च किती येतो?

वार्षिक फी बऱ्याच ठिकाणी हजार डॉलरच्या पुढे, त्यात दौरा धरलेला नसतो. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीच्या यूथ ऑर्केस्ट्रासारखे काही विनाशुल्क आहेत, तिथे स्पर्धाही तशीच. आर्थिक मदतीचा अर्ज जवळपास सगळीकडे असतो. आपले लोक तो भरायला संकोचतात. भरा. तो निधी त्यासाठीच ठेवलेला असतो.

कॉन्सर्टला मुलांनी काय घालायचं, आणि आम्ही कसं वागायचं?

मुलांनी पूर्ण काळे कपडे, काळे मोजे, काळे बूट. पांढऱ्या मोज्यांची चमक तिसऱ्या बाल्कनीतून दिसते. आजीला संक्रांतीखेरीज काळं पटत नाही, तिला आधीच समजावून ठेवा.

आपल्या मैफलीत जागा आवडली की तिथेच ‘वा’ जातं. इथे दाद राखून ठेवायची. सिम्फनीला बहुधा चार भाग असतात, मधल्या शांततेत टाळ्या वाजवत नाहीत. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येऊन तो वळेपर्यंत थांबा. चायकोव्हस्कीच्या सहाव्यात तिसरा भाग एवढ्या जोशात संपतो की सगळं संपल्यासारखं वाटतं, आणि खरा शेवट तर पुढे आहे, अगदी विझत जाणारा. फोन बंद, व्हिडिओ बहुतेक ठिकाणी मना. संस्था स्वतः रेकॉर्डिंग करते. लहान भावंडाला दाराजवळच्या खुर्चीवर बसवा, आणि बाहेर न्यावं लागलं तर दोन भागांच्या मधे न्या. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांना नक्की आणा. घरून निघण्यापूर्वी रचनेची मुख्य धून एकदा ऐकवा. ओळखीची झालेली धून सभागृहात पुन्हा भेटली की त्यांना सगळं जवळचं वाटू लागतं.

ब्रासच्या पुढे बसून कानांवर परिणाम होतो का?

होऊ शकतो. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या पुढे बसणाऱ्या आणि पर्कशनच्या मुलांसाठी संगीतकारांचे खास इअरप्लग घ्या. ते आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी करतात, त्यामुळे वाजवता येतं. फोमचे साधे प्लग सूर बुजवून टाकतात.

राष्ट्रीय पातळीवर काही आहे का?

कार्नेगी हॉलनं २०१३ मध्ये नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रा सुरू केला. वय सोळा ते एकोणीस, ऑडिशन व्हिडिओवरून, निवड झाल्यास सगळा खर्च त्यांचा. न्यूयॉर्क राज्यात एकत्र राहून तालमी, मग कार्नेगी हॉलमध्ये कॉन्सर्ट आणि दौरा. अर्जदार अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो, हे आपल्याकडच्या व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी आधीच पाहून घ्यावं. मुलाची तयारी झाल्यावर ही अट कळली तर फार वाईट वाटतं.

कॉलेजच्या प्रवेशाला उपयोग होतो का?

अर्जात एक ओळ होते. तेवढ्यासाठी कुणी सहा वर्षं शनिवार देऊ नयेत, आणि मुलांना ते लगेच कळतं.

उन्हाळ्यात भारतात जातो तेव्हा वाद्य न्यायचं का? तिथे कुठे वाजवता येईल?

व्हायोलिन-व्हियोला केबिनमध्ये न्या, सामानात टाकू नका. अमेरिकन विमान कंपन्यांना जागा असेल तर छोटं वाद्य केबिनमध्ये घ्यावंच लागतं, बाकीच्यांचे नियम तिकीट काढताना विचारा. चेलोला वेगळी सीट लागते. त्याऐवजी तिथेच महिन्यापुरता उसना मिळतो का, ते पाहा. जून-जुलैतली मुंबईची किंवा कोकणची हवा वाद्याला जड जाते: खुंट्या फुगून अडकतात, सांधे सुटू शकतात. केसमध्ये आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या ठेवा, वाजवून झाल्यावर बोचे केस सैल करा, आणि वाद्य एसी खोलीतून एकदम पावसाळी गच्चीवर नेऊ नका.

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून, आणि त्यांची मुलांसाठी संगीत अकादमीही. मेहली मेहतांच्या नावाचं फाउंडेशन मुंबईतच मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवतं. गोव्यात कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, आणि चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन वंचित मुलांच्या हाती व्हायोलिन-चेलो देतं. गोव्याला जाणार असाल तर आधी त्यांना लिहा. वापरून झालेली छोट्या मापाची वाद्यं, तारांचे सेट, रोझिन त्यांच्या कामाचं आहे का ते विचारा आणि बॅगेत तेवढी जागा ठेवा.